आयसीयूतली नर्स प्रॅक्टिशनर: इथे करू की तिकडे? आणि शिकवणं त्यात बसतं का?

पंढरपूरकर_स्टाफ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं बीएससी नर्सिंग झालंय. पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलच्या मेडिकल आयसीयूत पाचेक वर्षं काढली. व्हेंटिलेटर, आर्ट लाइन, डायलिसिसवरचे पेशंट, सगळं हाताखालून गेलंय. नवीन मुली जॉइन झाल्या की इन्चार्ज सिस्टर त्यांना माझ्यामागे लावतात आणि मला ते आवडतं. एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) वाचायला शिकवलेली मुलगी पंधरा दिवसांनी स्वतःहून म्हणते, ‘सिस्टर, सीओटू चढतोय, रेट बघायचा का?’ तेव्हा ती ड्युटी वसूल झाली असं वाटतं.

अडचण रात्रीची आहे. रात्री आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर असतो, बहुतेक वेळा बीएएमएस किंवा बीएचएमएस. पेशंट बिघडला की मी त्याला सांगते, तो कन्सल्टंटना फोन लावतो, ते जे म्हणतील ते तो मला सांगतो. त्या फोनवर काय उत्तर येणार ते मला बऱ्याचदा आधीच ठाऊक असतं. पण ते बोलायची माझी जागा नाही, म्हणून सिरिंज पंपापाशी उभी राहते.

पुढच्या वाटा मला तीन दिसतात. एमएससी करून कॉलेजात शिकवायचं, पण मग पेशंट सुटतो. एनपीसीसी, म्हणजे क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचा (एनपी, पेशंट तपासून उपचार ठरवणारी जास्त शिकलेली नर्स) कोर्स करायचा. नाहीतर एनक्लेक्स (तिकडची नर्सची लायसन्स परीक्षा) देऊन अमेरिका आणि तिथे अक्यूट केअर एनपी, म्हणजे गंभीर पेशंट बघणारी. आईचं चौथंच आहे: डीएमईआरची (राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याची) भरती निघाली की फॉर्म भर आणि सरकारीत चिकट. नवरा शाळेत शिक्षक आहे, मुलगी तीन वर्षांची.

तर विचारायचं असं की ही एनपी दिवसभर (किंवा रातभर) नक्की करते काय? एनपीसीसी केलेलं तिकडे धरतात का? आणि आयसीयू व शिकवणं दोन्ही सांभाळणारं इथे कोणी आहे का? ‘मेहनत कर, सगळं होतं’ एवढंच लिहायचं असेल तर कृपया लिहू नका, ते घरचे रोज सांगतात.

नाशिकची_ट्यूटर

एमएससी (मेडिकल सर्जिकल) करून कॉलेजात शिकवते, म्हणून इथल्या बाजूचं सांगते.

एनपीसीसी दोन वर्षांचा आहे, पदव्युत्तर. बीएससी आणि किमान एक वर्षाचा क्लिनिकल अनुभव लागतो, तो क्रिटिकल केअरमधला असेल तर उत्तम. तुमच्याकडे तो आहेच. कोर्स रेसिडेन्सी पद्धतीचा: २० टक्के थिअरी, ८० टक्के प्रत्यक्ष काम. कागदावर तो खरंच चांगला आहे. अ‍ॅडव्हान्स्ड फार्मॅकॉलॉजी, फिजिऑलॉजी, असेसमेंट, सगळं एमएससीपेक्षा खोल. औषधं आणि प्रोसिजर संस्थेच्या प्रोटोकॉलप्रमाणे, स्टँडिंग ऑर्डरवर, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या सूचनांवर.

घोडं अडतं ते कोर्स संपल्यावर. पदच नसतं. माझ्या ओळखीची एक मुलगी एनपीसीसी होऊन परत आपल्याच आयसीयूत गेली. हुद्दा सिनिअर स्टाफ नर्स, पगारात थोडी वाढ, रात्री ओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती) घेणं तेच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचा उल्लेख आहे, २०२३ मध्ये १९४७ चा जुना नर्सिंग कौन्सिल कायदा जाऊन नवा आयोगाचा कायदा आला. पण हॉस्पिटलच्या एचआरच्या तक्त्यात नवीन रकाना उघडल्याशिवाय या सगळ्याचा तुमच्या हातातल्या पगारपत्रकाशी संबंध येत नाही.

म्हणून अ‍ॅडमिशनआधी दोन गोष्टी लेखी मागा. कोर्सनंतर तुमचं हॉस्पिटल कोणतं पद देणार? आणि ज्या कॉलेजात पुढे शिकवावंसं वाटतंय ते एनपीसीसीवाल्या उमेदवाराला घेतं का? शिकवणं नक्की असेल तर आजच्या घडीला एमएससी जास्त सरळ आहे. पेशंट सुटतो हे मात्र खरं. आम्ही विद्यार्थिनींबरोबर वॉर्डात जातो, दहा मुली आणि मी. त्यांच्या फायली तपासण्यात दुपार होते. पेशंटला हात लावून महिने होतात.

भूलवाला_नागपूर

मी आयसीयू चालवतो. रात्री फोन उचलणारा तो कन्सल्टंट मीच समजा.

सिस्टर, तुमच्यासारखी माणसं मला हवी आहेत. पण उद्या मी तुम्हाला एनपी म्हणून नेमलं तरी प्रिस्क्रिप्शनवर सही नोंदणीकृत डॉक्टरचीच लागणार. कोर्टात उभं राहायची वेळ आली तर मीच उभा राहणार. अमेरिकेचं मॉडेल उचलून इथे ठेवणाऱ्यांनी हेही बघावं की आपल्याकडे एका सिस्टरकडे रात्री दोन-तीन व्हेंटिलेटर असतात. त्यातली सगळ्यात हुशार सिस्टर उचलून तिला एनपी केलं तर त्या तीन व्हेंटिलेटरना कोण बघणार? आधी बेडसाइडची संख्या भरा, मग वरचे मजले बांधा.

मिरज_ते_ह्यूस्टन

पंढरपूरकर, तू म्हटलं तर चालेल ना? माझी भाची तुझ्या वयाची आहे.

मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, मग पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरची बीएससी), मग मुंबईत महापालिकेच्या एका हॉस्पिटलात आयसीयू. २००६ मध्ये ह्यूस्टनला आले. आधी मेडिकल आयसीयूत स्टाफ, मग नोकरी करत मास्टर्स, मग एनपी, मग डॉक्टरेट. आता त्याच आयसीयूत एनपी आहे आणि आठवड्यातून दोन दिवस एनपी होऊ घातलेल्या मुलामुलींना शिकवते. म्हणजे तू विचारलेलं दोन्ही करते. करता येतं.

व्हिसाचं आधी उरकते, कारण एजंट लोक हे शेवटी सांगतात. मी आले तो काळ वेगळा होता. अमेरिकी काँग्रेसने २००५ मध्ये नर्सेससारख्या लोकांसाठी ५०,००० व्हिसे वेगळे काढले होते, त्या लाटेत आम्ही खूपजणी निघालो. एनक्लेक्स द्यायला मी हाँगकाँगला गेले होते, कारण तेव्हा भारतात केंद्र नव्हतं. आता मुंबईत बसून देता येते, पण पुढची रांग भयंकर आहे. भारतात जन्मलेल्या माणसाला नर्स म्हणून ग्रीन कार्डासाठी दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. मधे इंग्लंड-आयर्लंडला राहून आलीस तरी फरक पडत नाही, रांग जन्माच्या देशाची असते. दुसरा रस्ता विद्यार्थी म्हणून येण्याचा. त्याला प्रत्यक्ष वर्गात बसायचा कोर्स लागतो, ऑनलाइन कोर्सवर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. आणि फी डॉलरमध्ये. नवरा शिक्षक आणि पोर तीन वर्षांचं असताना मी तुला ‘ये’ असं फुकटचं सांगणार नाही.

तुझं एनपीसीसी इथे एनपी म्हणून धरत नाहीत. इथलं मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचं लायसन्स, याला पळवाट नाही. पण ज्ञान वाया जात नाही, हे वर्गात मला दिसतं.

आता एनपी करते काय. रात्रीचे सात ते सकाळचे सात. मी ओव्हर दिवसाच्या एनपीकडून घेते. समज, दोनला खालून पेशंट येतो: साठीची बाई, ताप, बीपी ७८/४०, लघवी नाही, लॅक्टेट चढलेलं. तिची हिस्टरी मी घेते, तपासते मी, पोटावर आणि हृदयावर सोनोग्राफीचा प्रोब मी ठेवते. सेप्सिसमध्ये (इन्फेक्शन अंगभर भिनल्यावर) किलोमागे ३० मिली फ्लुइड द्यायचं हे पुस्तकात आहे, पण हिचं हृदय आधीच कमजोर दिसतंय, मग तेवढं द्यायचं की थोडं देऊन लगेच नॉरअ‍ॅड (बीपी वाढवणारं औषध) लावायचं, हे मला ठरवायचं असतं. कल्चर, अँटिबायोटिक, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी), दगड अडकून मूत्रपिंड तुंबलं असेल तर युरॉलॉजीवाल्याला उठवणं. मग बाहेर बसलेल्या मुलाशी बोलणं. अटेंडिंग, म्हणजे वरचा जबाबदार डॉक्टर, घरी झोपलेला असतो. त्याला मी फोन करते तो ‘बीपी पडलंय, काय करू?’ विचारायला नाही. काय झालंय असं मला वाटतं, काय सुरू केलंय आणि कुठे शंका आहे, हे सांगायला करते. तो कधी कधी म्हणतो, ‘नाही, उलटं कर.’ मग उलटं करायचं. पण आधी माझं उत्तर टेबलावर असतं.

लोकांना लाइन टाकणं, इन्ट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) याचं फार अप्रूप. विद्यार्थीही तेच विचारतात, सेंट्रल लाइन कधी टाकायला मिळेल? अरे बाबा, हात बसतो. हॉस्पिटल ठरावीक संख्येने देखरेखीखाली करून घेतं आणि मग परवानगी देतं. कठीण आहे ते रात्री तीनला ‘ही लाइन या पेशंटला नको’ असं ठरवणं.

भूलवाले डॉक्टर, तुमच्या सहीच्या मुद्द्याला इथूनही दुजोरा. अमेरिकेत एनपीला सगळीकडे मोकळं रान आहे असा तिकडे समज आहे. राज्याराज्याचा कायदा वेगळा. मी टेक्सासात, इथे औषध लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो. फेंटॅनिलसारखं कडक नियंत्रणातलं वेदनाशामक मी आयसीयूतल्या पेशंटला लिहू शकते, तोच पेशंट बरा होऊन बाहेरच्या क्लिनिकात आला तर नाही.

आणि हे पद कुणी नर्सेसच्या कौतुकाने दिलेलं नाही हो. एनपीची सुरुवात १९६५ ची, कोलोराडो विद्यापीठात, लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, दोघांनी मिळून. ते काम वस्तीतल्या मुलांचं. आयसीयूवाल्यांची पहिली राष्ट्रीय परीक्षा थेट १९९५ मध्ये झाली. १९९७ च्या कायद्याने मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) एनपीला कुठल्याही ठिकाणच्या कामाचे थेट पैसे देऊ लागलं, डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के. मग २००३ मध्ये रेसिडेंट डॉक्टरांना आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली आणि शिकवणाऱ्या हॉस्पिटलांच्या रात्री ओस पडायला लागल्या. त्या रात्री आम्ही भरल्या. ड्युटीचा तक्ता आणि बिलाचा कागद, दोन्ही आमच्या बाजूने वळले तेव्हा पद झालं. नाशिकच्या ताईंनी जो रकाना म्हटलाय तो इथे असा उघडला. भारतात तो कधी उघडेल? रात्रीच्या आरएमओचा प्रश्न एखाद्या मोठ्या हॉस्पिटलला खरोखर टोचायला लागेल तेव्हा, असं माझं मत.

मात्र ‘आधी संख्या भरा, मग वरचे मजले’ हे मला पटत नाही, डॉक्टर. चांगली सिस्टर वर जायला जिना नाही म्हणूनच तर विमान पकडते. तुमचे तीन व्हेंटिलेटर मग तरी कोण बघतं?

एक सापळा सांगून ठेवते. इथे आलेल्या आपल्या बऱ्याच जणी फॅमिली एनपी करतात, कारण तो कोर्स ऑनलाइन सहज मिळतो. मग आयसीयूत अर्ज टाकतात आणि अडतात. फॅमिली एनपीचं शिक्षण क्लिनिकसाठी आहे. टेक्सासचं बोर्ड तर स्पष्ट सांगतं की तुमची कक्षा तुमच्या शिक्षणाने ठरते, नोकरीच्या अनुभवाने नाही. वीस वर्षं आयसीयू केलेली बाईसुद्धा त्या कागदावर तिथे एनपी म्हणून बसू शकत नाही. आयसीयूच हवं असेल तर आता त्या कोर्सचं नाव अ‍ॅडल्ट-जेरोन्टॉलॉजी अक्यूट केअर असतं. पेशंटबरोबरचे किमान तास पूर्वी ५०० होते, २०२२ च्या मानकांत ७५० केले. ते तास ज्याच्या हाताखाली करायचे तो प्रीसेप्टर कॉलेज शोधून देतं की तुमच्या गळ्यात मारतं, हे फीच्या आधी विचारायचं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने आधीच्या कॉलेजात फक्त प्रीसेप्टर मिळेना म्हणून सहा महिने घालवले होते.

आता शिकवण्याचं. पैशाचं स्पष्ट सांगते: इथे एनपीचा मधला पगार २०२३ च्या सरकारी आकड्याप्रमाणे वर्षाला साधारण १,२६,००० डॉलर आहे. शिकवायला गेलं की तो खाली येतो. म्हणून शिक्षक मिळत नाहीत, म्हणून जागा कमी, म्हणून नर्सेस कमी. सरकार शिक्षक होणाऱ्यांचं कर्ज ८५ टक्क्यांपर्यंत माफ करतं, तरी खुर्च्या रिकाम्या. मी दोन दिवसच शिकवते त्याचं अर्धं कारण हे. उरलेलं अर्धं असं की महिनाभर आयसीयूत गेले नाही तर माझे प्रश्न पुस्तकी व्हायला लागतात आणि विद्यार्थ्यांना ते लगेच कळतं.

माझा आवडता धडा सांगते. सिम्युलेशन लॅबमध्ये बाहुली ठेवतो, पाटीवर लिहितो: बाई, उंची पाच फूट, वजन ९० किलो, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी, एआरडीएस (फुप्फुसांना सूज येऊन पाणी भरणं). व्हेंटिलेटर लावा. वर्गातली निम्मी मुलं एका श्वासाला किलोमागे ६ मिली हवा हे पाठ म्हणतात आणि ५४० लावून मोकळी होतात. फुप्फुसं वजनाबरोबर वाढत नाहीत, ती उंचीवर ठरतात. पाच फुटी बाईचं हिशेबाचं वजन ४५.५ किलो, म्हणजे श्वास २७३ मिलीचा. जवळजवळ दुप्पट हवा मारली जात होती. २००० साली एआरडीएसनेट या संशोधन गटाचा जो अभ्यास आला, ८६१ पेशंटचा, त्यात किलोमागे १२ मिलीवाल्यांत जवळपास ४० टक्के गेले आणि ६ वाल्यांत ३१. व्हेंटिलेटरच्या एका आकड्याने एवढा फरक. हे सांगितल्यावर मी खिशातून शिंप्याची टेप काढते आणि म्हणते, उंची मोजल्याशिवाय माझ्या युनिटात व्हेंटिलेटरला हात लावायचा नाही. आपल्याकडच्या बायका तर पाच फूट, चार फूट दहा. पुण्यात तुझ्या चार्टवर उंची लिहिलेली असते का गं?

आणि हे करायला कोणताही कोर्स लागत नाही. उद्याच्या नाइटपासून एवढं कर: आरएमओला सांगायला जाण्याआधी ओव्हरच्या कागदामागे तीन ओळी लिही. मला काय वाटतं, मी काय केलं असतं, काय झालं तर मी चूक ठरेन. मग फोनवरून काय आलं ते शेजारी लिही. तुझं आणि त्यांचं कुठे जुळत नाही ते बघ आणि सकाळी राउंडला कन्सल्टंटना त्यातलं एकच विचार. एकच. पाच विचारलेस तर ते कॉफीला पळतील. तुझ्या हाताखालच्या मुलींकडूनही हेच करून घे. मी इथे डॉक्टरेटच्या मुलांकडून यापेक्षा काही वेगळं करून घेत नाही, फक्त कागदाचं नाव मोठं आहे.

भूलवाला_नागपूर

जिन्याचं मान्य. आणि राउंडला एकच प्रश्न, हेही मान्य, आम्ही कॉफीला खरंच पळतो. उंचीबद्दल आज आमचं युनिट बघून आलो. बारा पेशंटमध्ये चार्टवर उंची तिघांची, आणि ती तिन्ही ‘अंदाजे’.

ब्रदर_यॉर्कशायर

इंग्लंडचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. मूळचा लातूरचा, इथे क्रिटिकल केअरमध्ये. इकडे या पदाला अ‍ॅडव्हान्स्ड क्रिटिकल केअर प्रॅक्टिशनर म्हणतात. आधी सीबीटी (संगणकावरची परीक्षा), मग इथे येऊन ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा), मग एनएमसीची (इथल्या नर्सिंग कौन्सिलची) नोंदणी, काही वर्षं बँड ५-६ ला (बँड म्हणजे पगारश्रेणी) काम, आणि मग युनिटने ट्रेनी म्हणून घेतलं तर दोनेक वर्षांचं प्रशिक्षण आणि मास्टर्स. ‘घेतलं तर’ महत्त्वाचं. जागा कमी, स्पर्धा जास्त. शिकत असताना पगार मिळतो, बहुतेक ठिकाणी बँड ७, पास झाल्यावर ८ए. औषधं लिहायचा वेगळा कोर्स असतो, तो झाला की २००६ पासून नर्सला जवळजवळ सगळी औषधं स्वतःच्या सहीने लिहिता येतात. टेक्सासच्या ताईंना ऐकून हेवा वाटेल कदाचित.

थंडी आणि घरभाडं यावर मी वेगळा धागा काढू शकतो.

पंढरपूरकर_स्टाफ

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तू म्हणा, बरं वाटलं.

काल मेट्रन मॅडमना भेटले. एनपीसीसी केल्यावर पद काय, असं विचारलं. म्हणाल्या, ‘आधी कर तर, मग बघू.’ नाशिकच्या मॅडम, तुम्ही म्हणालात ते ‘लेखी’ मागितलं तर हसल्या. म्हणजे उत्तर मिळालं म्हणायचं.

कागदामागे तीन ओळी पहिल्याच नाइटला लिहिल्या. एका पेशंटला मला वाटलं फ्लुइड जास्त झालंय, फोनवरून फ्लुइडच आलं. सकाळी विचारलं. सरांनी मला व्हेनाकाव्हा (हृदयाकडे रक्त आणणारी मोठी शीर) सोनोग्राफीवर दाखवला आणि समजावलं. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे प्रोब दिला.

दोन प्रश्न उरलेत. एक, तिकडे पेशंटचे नातेवाईक ‘डॉक्टरला बोलवा’ म्हणत नाहीत का? इथे माझे सासरेच विचारतात, एवढं शिकायचं होतं तर डॉक्टरच का नाही झालीस. आणि दुसरा साधा: झोपलेल्या, पाय आखडलेल्या पेशंटची उंची टेपने मोजायची कशी? काल प्रयत्न केला, वॉर्डबॉय आणि मी दोघं मिळून, दोन वेळा दोन आकडे आले.

मिरज_ते_ह्यूस्टन

म्हणतात ना. कसे नाही म्हणणार? मी खोलीत शिरले की आधी नाव, मग ‘मी नर्स प्रॅक्टिशनर, रात्री तुमच्या आईची जबाबदारी माझ्याकडे, माझ्या वर अमुक डॉक्टर आहेत.’ एवढं एका दमात. डॉक्टरेट असली तरी पेशंटसमोर स्वतःला डॉक्टर म्हणवून घेत नाही. घाबरलेल्या माणसाचा त्यात नाहक गोंधळ होतो. एकदा एका मुलाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ठीक आहे, पण डॉक्टर कधी येणार? मी म्हटलं, सकाळी सातला, आणि तोवर तुम्हाला काय विचारायचंय? मग पहाटेपर्यंत विचारत होता. सासऱ्यांना मात्र माझ्याकडे उत्तर नाही. माझे तर शेवटपर्यंत शेजाऱ्यांना ‘सून अमेरिकेत डॉक्टर आहे’ असंच सांगत राहिले.

मेट्रनबाईंचं हसणं मनावर घेऊ नकोस, पण त्यावर दोन वर्षंही लावू नकोस. दुसऱ्या दोन-तीन हॉस्पिटलांना हाच प्रश्न विचार. जिथे एनपीसीसीची बॅच स्वतःच्या आयसीयूत चालते तिथे जाऊन, बाहेर पडलेल्या मुली आता कुठल्या हुद्द्यावर आहेत ते त्यांनाच विचार, ऑफिसला नको. तोपर्यंत एमएससीचा फॉर्म भरून ठेवायला हरकत नाही. आईचाही भर. फॉर्म भरल्याने कोणी बांधील होत नाही.

उंचीचं: पेशंट सपाट झोपत असेल तर उशी काढ, बेड आडवा कर, डोक्याच्या टोकाला आणि टाचेला चादरीवर पेनाने खूण कर, पेशंटला कुशीवर करताना त्या खुणांमधलं अंतर मोज. अंगावरून टेप लावू नकोस, पोटावरून जाते आणि आकडा फुगतो. तुझे दोन आकडे बहुतेक त्यामुळेच. पाय आखडलेले असतील तर डावा हात कोपरात वाकवून छातीवर आडवा ठेव, कोपराच्या टोकापासून मनगटाच्या बाहेरच्या हाडापर्यंत मोज. त्या लांबीवरून उंचीचा तक्ता असतो, बाई-पुरुष आणि वयाप्रमाणे वेगळा, आहारतज्ज्ञांकडे नक्की मिळेल. तो फोटोकॉपी करून व्हेंटिलेटरच्या बाजूला चिकटव. आणि चार्टवर लिहिताना ‘मोजली’ की ‘हातावरून काढली’ ते लिही, म्हणजे सकाळी कोणी वाद घालणार नाही.

भूलवाला_नागपूर

तो तक्ता इथेही टाकता आला तर टाका. आमच्या आहारतज्ज्ञ सोमवारपर्यंत रजेवर आहेत.